बँकेला अनोळखी बाई

प्रिय ताई,

तुझ्याकडे यायचं विमानाचं तिकीट हप्त्यांनी काढावं म्हणून मी क्रेडिट कार्डासाठी अर्ज केला. बँकेने तो नाकारला. मग मी हट्टाने आणखी चार बँकांत अर्ज केले, तर सगळीकडे नन्नाचा पाढा!

शेवटी बँकेतली मुलगी हसत म्हणाली, “काकू, तुम्ही कधी कर्जच घेतलं नाही, मग बँक तुम्हाला ओळखणार कशी? त्यात एवढे अर्ज! प्रत्येक चौकशीने क्रेडिट स्कोअर, म्हणजे तुमची पत, आणखी घसरतो. आता जरा दम धरा.”

“अगं, उधारी नको म्हणून जन्मभर शिलाई मशीन बडवलं, त्याची ही शिक्षा?”

मग तिने माझी ठेव तारण ठेवून छोटं कार्ड दिलं. मी दर महिन्याला बिल वेळेवर भरत गेले, पत वाढली आणि काल हप्त्यांनी तिकीट काढलं! हे पत्र टाकणार नाही, कारण शुक्रवारी तुझं दार मीच वाजवणार आहे.

तुझी आगाऊ,
धाकटी