चाकावर घातलेलं तेल

मामा, तुम्ही गेल्याला बारा वर्षं झाली. अजूनही उमरग्यात कुणाच्या गाडीचा ब्रेक बिघडला की लोक सांगतात, म्हाताऱ्याच्या सुनेला दाखवा. ऐकून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. दसरा होऊन आठवडा झाला तेव्हा एक गुरुजी आपल्या गॅरेजवर गाडी घेऊन आले. ब्रेक दाबला की गाडी उजवीकडं ओढते, ट्रकखाली जाता जाता वाचलो म्हणाले. दोन ठिकाणी दाखवून आले होते आणि दोन्हीकडं उजवंच चाक खोललं होतं. मी आधी गाडी चालवून बघितली, तुम्ही शिकवलंत तशी, आणि डावं चाक खोलायला घेतलं. गुरुजी म्हणाले, बाई, ओढते उजवीकडं. म्हटलं, उजवं चाक धरतंय म्हणून तर तिकडं ओढतंय, कामचुकार हे डावं आहे. ब्रेकचा पॅड झिजलेला नव्हता, अर्ध्याहून जाड होता, पण तोंड काळं, चकचकीत, आणि नाकाशी धरला तर करडीच्या तेलाचा वास. खंडेनवमीला चाकावर तेल घातलं का, विचारलं. आईनं घातलं, म्हणाले. तेल लागलेला पॅड घसरतो, चाक धरत नाही. मी डिस्क पुसली आणि दोन्ही बाजूंचे पॅड बदलले, कारण एकाच बाजूचे बदलले तर पुन्हा ओढणारच. सासऱ्यानं चांगलं शिकवलंय, गुरुजी म्हणाले. शेजारी हे, तुमचे चिरंजीव, टायर काढत होते.

तो वास मी नाकानं नाही, पापानं ओळखला. लग्नानंतरची माझी पहिली खंडेनवमी. तुम्ही नारळ आणायला गेला होतात. परंड्याकडं माझ्या माहेरी बैलगाडीच्या चाकावर तेल घालून मग हळदकुंकू वाहतात. दारात गिऱ्हाइकाची जीप उभी होती, तिच्या चाकावर मी पळीभर तेल घातलं, चांगलं मन लावून. दुसऱ्या दिवशी ब्रेक दाबताच ती जीप रस्ता सोडून तुरीत घुसली आणि ड्रायव्हरचा हात मोडला. तुम्ही चाक खोललंत, वास घेतलात आणि चारचौघांत लेकाला म्हणालात, "लोकांच्या जिवावर पूजा करतोस व्हय? आजपासून ब्रेकला हात लावायचा न्हाय." यांनी मला तेल घालताना बघितलं होतं. तरी मान खाली घालून उभे राहिले. मी दारात तांब्या धरून उभी, आणि तेल मी घातलं हे सांगितलं नाही.

मग महिन्याभरानं तुम्ही हाक मारलीत, "सूनबाई, तुझी नजर बारीक हाय, इकडं ये." पॅड झिजत आला की किंचाळतो आणि पार संपला की लोखंड लोखंडाला घासून खरवडतं, टाकीतलं ब्रेकचं तेल खाली गेलं की आधी पॅडच बघायचा, हे सगळं तुम्ही मला दिलंत. मी ते घेतलं आणि मनापासून केलं. माझ्या हातावर मला आज काडीचाही संशय नाही. पण ती जागा तुमच्या लेकाची होती, मामा. आजवर ते टायरच काढतात.

गुरुजी गेल्यावर मी यांना म्हटलं, उद्यापासून ब्रेक तुम्ही बघा. ते हसून म्हणाले, "आता कशाला? तू बघतीयस की." हे पत्र मी पॅडच्या रिकाम्या खोक्यात ठेवतीय. ब्रेकचं काम ते नको म्हणाले, तेव्हा मला हायसं वाटलं.