आचू, ती बॅटरी बाकाखालून काढ

प्रिय आचू,

सर्वप्रथम तुझ्याविरुद्ध रीतसर तक्रार. मक्याच्या कुरकुरीत फुग्यांचं एक पाकीट, रंग हिरवा, चव खोबऱ्याची, एवढ्याशा ऐवजापायी माझ्या सख्ख्या बहिणीनं माझ्याशी अबोला धरला आहे. फोन केला की तुझा आतिंग उचलतो, “ती कामात आहे, दादा,” असं गरीब आवाजात सांगतो, आणि मागून तू ओरडतेस, “सांग त्याला, मी घरात नाही म्हणून!” आमच्या तर्कशास्त्रात याला वदतोव्याघात म्हणतात, आपल्याच बोलण्यानं आपलंच बोलणं खोडणं. पोरांना उदाहरण द्यायला बरं पडलं, त्याबद्दल आभार.

गुन्हा कबूल आहे. रविवारी मी डोंगरावरच्या आमच्या बौद्ध विद्यालयातून दोन बस बदलून ताइनान शहरात उतरलो, तुझ्या गाडीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आलो, भुकेला होतो, आणि नव्या पॉवर सप्लायच्या डोक्यावर ठेवलेलं पाकीट फोडून खाल्लं. त्या खाऊचं नावच ‘शहाण्यासारखं वाग’ असं आहे, ते डोक्यावर असलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं, पाकीट हिरवंच हवं, मुदत उलटलेलं चालत नाही, हे मला ठाऊक नाही असं नाही. आमच्या ग्रंथालयातल्या संगणकावरही एक आहे, आणि ते महास्थविर स्वतः बदलतात. तेव्हा “तुला श्रद्धा नाही, नुसती पाठांतरं आहेत,” हे जे तू त्या दिवशी मला सुनावलंस, ते मी फेटाळतो. माझी श्रद्धा शाबूत आहे. माझं डोकं मात्र तापलेलं आहे, आणि ते पाकिटामुळे नाही.

ते तापलं आहे त्या बॅटरीमुळे. दोन महिन्यांपूर्वी एक बॅटरी तुझ्या तोंडावर फुटली, डाव्या डोळ्यात तेजाब गेलं, आतिंगनं तुला नळाखाली धरून ठेवलं म्हणून तो डोळा जागेवर तरी आहे. आणि मी रविवारी कामाच्या बाकाखाली वाकून पाहतो, तर तिथे, त्याच जागी, तशीच दुसरी बॅटरी! नवी कोरी! तिच्यावर दुकानदाराची लाल फीतसुद्धा तशीच. अगं, साप चावला म्हणून कुणी त्याच बिळात दुसरा आणून सोडतं का?

मी आतिंगला विचारलं, “जावईबापू, हे काय?” त्यानं मान खाली घातली. “दादा, ती म्हणाली आण. मी आणली. तुम्ही तिला कधी नाही म्हणून बघितलंय का?” बघितलंय, आचू. लहानपणापासून बघतो आहे. म्हणूनच हे लिहितो आहे.

मुळापासून सांगतो, कारण तुझ्या तोंडून ही हकिगत दर वेळी वेगळी निघते. हॉर्न, धुक्यातले दिवे, वायपरच्या मोटारी, गाडीतले कॅमेरे, हे सगळं पेटीत भरण्याआधी बाकावर चालवून बघायचं, आणि त्यासाठी गाडीची बॅटरी वापरायची, ही आपल्या बाबांची पद्धत. बाबांच्या वेळी दिवे आणि हॉर्न एवढंच होतं, त्यांचं निभलं. दिवसभर चाचण्या केल्या की बॅटरी उतरते, म्हणून तुम्ही चार्जर लावूनच काम करायला लागलात. मग जावईबापूंना साक्षात्कार झाला की चार्जर जर वीज देतोच, तर मधे बॅटरी कशाला? त्यांनी कॅमेरे थेट चार्जरला जोडले. चार्जरची वीज म्हणजे उचक्या देत चालणारी म्हातारी, तिला सांभाळून घ्यायला बॅटरी लागते. कॅमेऱ्यांची अख्खी पेटी वारली. मग शेजारचे लो काका आले, दिव्यांच्या काचा ओतणारे, सल्ला फुकट वाटणारे. “जुन्या संगणकातला सप्लाय लावा, बाराच व्होल्टचा असतो.” लावला. कॅमेरे चालले. वायपरची मोटार जोडली, तर सुरू होतानाच ती जो घास मागते तो बघून सप्लायनं डोळे मिटले. शिवाय धावत्या गाडीत बारा कुठे असतात? चौदाच्या आसपास असतात. बारावर पास झालेला माल चौदावर जळाला, तर गिऱ्हाईक लो काकांकडे जाणार नाही, तुझ्याकडे येईल. हे तूच त्यांना ऐकवलं होतंस, मला आठवतं, आणि मी मनात टाळी वाजवली होती.

म्हणून शेवटी नीट विचार करून, माझ्याही डोक्याला ताप देऊन, तू तो मोठा सप्लाय घेतलास. व्होल्ट हवे तेवढे लावता येतात, तीस अँपिअर देतो, आणि मुख्य म्हणजे किती द्यायचे याची मर्यादा आपण ठरवतो. तार चुकून तारेला टेकली, तर तो तिथेच थांबतो. तुझी निवड अचूक होती. पुन्हा लिहितो, म्हणजे तुला कळेल की मी टोमणा मारत नाही: अचूक होती.

आणि मग अर्ध्या तासानं तो बंद पडला. थंड झाला की चालू, चालला की बंद. तू म्हणालीस, “पळपुटा आहे! बॅटरी कशी, मागेल तेवढं देते, तोंड वाकडं करत नाही.” लो काका म्हणाले, “यंत्राचा जीव नाही लागला अजून इथं.” तू जुनं पाकीट काढून ताजं ठेवलंस. तरी बंद. तेव्हा तू माझूदेवीपुढे कौल लावलास, देवीनं बॅटरीच्या बाजूनं दिला म्हणे. देवीला मी दोष देत नाही. तिला समुद्रातली माणसं वाचवायचा अनुभव आहे, चार्ज होणाऱ्या बॅटरीतून निघून बाकाखाली कोंडलेल्या ज्वालाग्राही वायूचा नाही. थंडीचे दिवस, शटर अर्धं ओढलेलं, बॅटरी चार्जरवर, आणि तू चार्जर चालू असतानाच त्याच्या तारेचा चिमटा बॅटरीवरून काढलास. एक ठिणगी. पुढचं तुला मी सांगायला नको.

रविवारी पाकीट खाऊन झाल्यावर मी ते चुरगाळून टाकायला गेलो, आणि पाहिलं, की ते जिथे ठेवलं होतं तिथे, बरोबर त्याच्याखाली, सप्लायच्या माथ्यावर बारीक फटी आहेत. त्यातूनच तो श्वास सोडतो. तुझा तो शहाणा बाळ इतके दिवस तोंडावर उशी ठेवल्यासारखा काम करत होता, आणि गुदमरला की जीव वाचवायला बंद होत होता. मी वायपरची मोटार जोडली आणि दुपारभर चालवली. तो एकदाही बंद पडला नाही. आम्ही काकतालीय न्याय शिकवतो, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. इथे मात्र कावळा खरंच जड होता.

मी आनंदानं तुला हाक मारली. मला वाटलं तू हसशील. तू आलीस, फटी पाहिल्यास, रिकामं पाकीट पाहिलंस, आणि तुझा चेहरा असा झाला की मी दोन पावलं मागे सरलो. “देवाच्या नावानं ठेवलेलं खातोस?” असं म्हणून तू माझ्या अंगावर धावलीस. आतिंग मधे पडला. “अगं, पाकीटच आहे, दुसरं आणतो!” “तू गप्प बस! याला सांगायचंय काय, ते कळतंय मला!”

मला काहीच सांगायचं नव्हतं, आचू. परतीच्या बसमध्ये कळलं तुला काय ऐकू आलं ते. सप्लाय वाईट निघाला, म्हणून बॅटरी लावावी लागली, म्हणून डोळ्याला इजा झाली, हे तू सोसू शकत होतीस. नशीब म्हणता येतं. पण सप्लाय चांगला होता आणि डोळ्यावर बेतलं ते खाऊच्या पाकिटापायी, हे कुणाला सोसेल? म्हणून तू नवी बॅटरी तिथेच ठेवलीस, आणि म्हणून ती हलवत नाहीस. बाबांची पद्धत चालवायची म्हणून चालवायची, याला आम्ही अंध… जाऊ दे. तो शब्द नको.

पण मला राग आहे आणि तो मी आवरणार नाही. तुझ्या दुःखाला जागा हवी असेल, तर अख्खा कारखाना घे, माझी खोली घे, माझं डोकं घे फोडायला. बाकाखालची जागा देऊ नकोस. बॅटरी मागेल तेवढं देते, हेच तर तिचं पाप आहे. ती विचारत नाही कुणी मागितलं, मोटारीनं की निसटलेल्या पान्यानं. एखाद्या मोठ्या मोटारीसाठी अगदीच लागली, तर मागच्या पत्र्याखाली उघड्या हवेत ठेव, तारेत बॅटरीलगत फ्यूज घाल, आणि चार्जर बंद केल्याशिवाय चिमट्याला हात लावू नकोस. लो काकांना म्हणावं, सल्ला द्यायचा तर गॉगल लावून समोर उभं राहून द्या. पाकीट मी नवं आणीन, हिरवंच, आणि सप्लायच्या शेजारी ठेवीन. तो बाजूनंही शहाणा राहील.

एवढ्यासाठी पत्र लिहिलं नसतं. हे सगळं फोनवर ओरडूनही झालं असतं, तू फोन आपटेपर्यंत. खरं कारण वेगळं आहे. डोळ्याच्या गेल्या तपासणीला तुझ्यामागच्या खुर्चीवर मी होतो. भिंतीवरच्या तक्त्यात नजर तपासायला काढलेल्या तुटक्या कड्यांची तोंडं कुठे आहेत, ते तू डाव्या डोळ्यानं सांगत होतीस, वर, खाली, उजवीकडे, सगळी बरोबर. नर्स लिहीत होती. उजव्या डोळ्यावरची झाकणी तू बोटभर तिरकी धरली होतीस. मी पाहिलं आणि गप्प बसलो. मग रविवारी तू माझा चहा कपाशेजारी ओतलास आणि फडकं घेऊन टेबल पुसायला लागलीस, जणू टेबलच ओलं होतं. बुधवारी मी येतो आहे. आपण दोघं पुन्हा जाऊ आणि डॉक्टरांना खरं सांगू. काही करता येणार असेल, तर त्याची वेळ निघून जाते आहे. तुला डाव्या डोळ्यानं दिसत नाही, असं मला वाटतं, आणि मला फार भीती वाटते आहे.

तुझाच, रागावलेला थोरला,
जिनरोंग