आप्पांचा अंगठा आणि शिशाचा थर

आप्पा, काल परभणीच्या एका कॉलेजात माझं व्याख्यान झालं आणि त्यात मी पुन्हा तुमचा तो किस्सा सांगितला. पोरं पोट धरून हसली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्या जिवावर हशा मिळवायची माझी खोड काही जात नाही. आज गंगाखेडला घरी आलेय, आई शेजारी गेलीय, म्हटलं एकदाचं खरं ते लिहून टाकावं.

'तू तिथं नेमकं करायलीस काय बाई?' असं तुम्ही दर सुट्टीला विचारायचात आणि मी दर वेळी म्हणायचे, 'ते तुम्हाला नाही कळायचं.' काय कळायचं नव्हतं हो त्यात? नखाएवढी सिलिकॉनची चकती घ्यायची, हवा काढून टाकलेल्या डब्यात तापवून स्वच्छ करायची, तिच्यावर एका अणूइतका पातळ शिशाचा थर बसवायचा आणि त्यातले इलेक्ट्रॉन कसे वागतात ते बघायचं. प्रत्येक इलेक्ट्रॉनला स्पिन नावाचा एक गुण असतो, इवलीशी होकायंत्राची सुईच समजा. थराच्या खाली सिलिकॉन आणि वर काहीच नाही. दोन्ही अंगं सारखी नसल्यामुळे एका दिशेला पळणाऱ्याची सुई एकीकडे वळते, उलट पळणाऱ्याची उलटीकडे. आणि खालचं अंग जरा मळकट राहिलं की थर धड बसत नाही, मग सगळंच मुसळ केरात. जन्मभर बाजारात बसून पितळी भांड्यांना कल्हई केलेल्या माणसाला हे कळलं नसतं? कथील बसायच्या आधी भांडं किती घासावं लागतं हे मला तुम्हीच तर दाखवलं होतं. मी सांगायचा कंटाळा केला. कंटाळा कसला, लाज वाटायची.

मग तुम्ही हौसेनं पुण्याला माझी प्रयोगशाळा बघायला आलात. सदरा इस्त्रीचा, पण नखांतली कोळशाची काजळी तशीच. माझे मार्गदर्शक सर शेजारी उभे. टेबलावर उघड्या बशीत एक चकती पडलेली आहे. तुम्ही वाकून बघता आणि गिऱ्हाइकाला भांडं द्यायच्या आधी फिरवायचात तसा तिच्यावर अंगठा फिरवता. थर कुठं सुटलाय का हे तुम्ही डोळ्यांनी कधी बघितलंच नाही, तुमचा भरवसा अंगठ्यावर. 'लय गुळगुळीत बसलंय की,' म्हणालात. काय खूश झाला होतात! आणि मी ओरडले, 'हात कशाला लावता? चार महिन्यांचं काम गेलं माझं.' तुम्ही हात खिशात घातलेत. 'चुकलं बाई. ध्यानात न्हाई आलं.' त्या दिवशी चहाचा कपसुद्धा तुम्ही 'हे घिऊ का?' असं मला विचारून उचललात.

त्यानंतर दोन वर्षं तुम्ही होतात, पण माझ्या कामाचं नाव काढलं नाहीत. आई सांगते, दुकानावर कुणी माझी चौकशी केली की तुम्ही म्हणायचात, 'तिचं काम लय नाजूक हाय. माझ्या हातानं एकडाव नासलं.' हे ऐकल्यावरही मी गप्प बसले, आणि वर तोच किस्सा गावोगाव सांगत फिरले.

आप्पा, तुमच्या हातानं काहीही नासलं नव्हतं. ती चकती मी आदल्या दिवशीच डब्यातून बाहेर काढली होती. हवा लागली की तो थर संपतो. ती टाकूनच द्यायची होती. ओरडतानाही मला ते माहीत होतं. सर तुमच्या नखांकडे बघत होते, म्हणून ओरडले मी.

आईला अजून वाटतं, लेकीचं नुकसान तुमच्याकडून झालं. फाटक वाजलं, ती आलीच. तिला सांगायची छाती आजही होत नाही, म्हणून वही मिटतेय.