हेवर्डांचं मूळ

१५ सप्टेंबर २०२४, रविवार. नेपरव्हिल.
आज युद्ध सुरू झालं. शत्रू: रॉजर हेवर्ड, वय सदुसष्ट, निवृत्त डेंटिस्ट, आमच्या इलाचा होणारा सासरा.
दुपारी कॉलिन आणि त्याचे आईवडील जेवायला आले होते. रॉजरनं पुरणपोळी दोनदा मागून घेतली आणि वर म्हणाला, लग्नाच्या केकवर 'इला हेवर्ड' छान मावेल, 'तोफखाने'साठी मोठा केक मागवावा लागेल. सगळे हसले. देवयानीसुद्धा. बायकोच्या हसण्याची वेगळी नोंद ठेवली आहे.
मी गॅरेजमध्ये जाऊन लॉनमोअरकडे बघत वीस मिनिटं उभा राहिलो. आमच्या पूर्वजांनी तोफा डागल्या, आणि ते नाव केकवर मावत नाही म्हणून जाणार?
सूड. शांत डोक्यानं, पुराव्यानिशी.

१६ सप्टेंबर, ऑफिस, सकाळी ११.२०
योजना ठरली. हेवर्ड या आडनावाचं मूळ खणून काढायचं आणि थँक्सगिव्हिंगला सगळ्या खानदानासमोर वाचून दाखवायचं. 'हे' म्हणजे वाळलेलं गवत. म्हणजे हे लोक गवतवाले. बहुधा गवतचोर.
आज द्यायचं कोड उद्या देईन.

१८ सप्टेंबर
कोड दिलं नाही. मॅनेजरनं विचारलं. म्हटलं, फॅमिली इमर्जन्सी.

२९ सप्टेंबर
गवताचा संबंध नाही! जुन्या इंग्रजीत 'हेगे' म्हणजे कुंपण आणि 'वेअर्ड' म्हणजे राखणदार. जुन्या इंग्लंडमध्ये गावची कुंपणं सांभाळायची, पिकात शिरलेली गुरं हाकलून कोंडवाड्यात घालायची, हे हेवर्डचं काम. जवळ एक शिंग. ते फुंकत गाईंच्या मागे पळायचं.
चोर निघाले नाहीत याचं थोडं वाईट वाटलं. पण गाईंच्या मागे पळणारा डेंटिस्ट! चालेल.

१२ ऑक्टोबर, दसरा
शस्त्रपूजनात लॅपटॉप ठेवला. चौदा स्लाइड्स झाल्या आहेत. देवयानी म्हणाली, "अरे, पोरीशी एकदा बोल तरी." म्हटलं, युद्धकाळात बोलणी होत नाहीत. ती म्हणाली, मग कणीक मळ.
मळली. पातळ झाली.

२ नोव्हेंबर
वाईट बातमी. बऱ्याच गावांत हेवर्डला गावकरी निवडून द्यायचे, म्हणजे विश्वासाचा माणूस. ही माहिती स्लाइडवर घेतलेली नाही. इतिहासकारानं निवड करायची असते.

२७ नोव्हेंबर
आरशासमोर तीनदा रिहर्सल केली. 'कोंडवाडा' शब्दानंतर चार सेकंद थांबायचं. तेवढ्यात रॉजरचा चेहरा पडेल. मग मी नम्रपणे पाय मागायचा. पाय म्हणजे पम्पकिन पाय, भोपळ्याचा.

२८ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग
रॉजरच्या घरी, व्हीटनला. चौदा माणसं. जेवण झाल्यावर टीव्हीला लॅपटॉप जोडला.
कोंडवाड्यानंतर चार सेकंद थांबलो. कोणी हसलं नाही. रॉजरनं चष्मा काढला. त्याचे वडील तो नऊ वर्षांचा असताना गेले म्हणे. ते असते तर आपण हे त्यांना विचारलं असतं, ते गेल्यावर कोणाला विचारावं हेच कळलं नाही. "मला हे आजवर कोणीच सांगितलं नव्हतं, प्रल्हाद," म्हणाला आणि मला मिठी मारली. बराच वेळ सोडलं नाही. माझे हात कुठे ठेवावेत ते कळेना, शेवटी त्याच्या पाठीवर ठेवले.
नंतर त्याची नातवंडं मुठीचं शिंग करून फुंकत एकमेकांच्या मागे पळाली. रॉजरनं प्रिंट मागितली, फ्रेम करणार आहे. गाळलेली माहितीही मीच तोंडी सांगितली. निवडून यायचे म्हणालो. का सांगितलं, माहीत नाही.
मग त्यानं विचारलं, "आणि तोफखाने?"
म्हटलं, तोफा. तो म्हणाला, कुठल्या किल्ल्यावर? कोणाच्या फौजेत? कुठल्या शतकात?
डेंटिस्ट. दुखतं तिथेच टोचतो.
"लवकरच कळवतो," एवढंच म्हणालो. हा सूड अजून संपलेला नाही. वीस स्लाइड्स करीन.

३० नोव्हेंबर
नगरला सुमित्राआत्याला फोन केला. वय अठ्ठ्याऐंशी, पण आठवण पक्की. विचारलं, आपला कोण पूर्वज तोफखान्यात होता?
आत्या म्हणाली, "तोफखान्यात कोण असणार? तोफखाना म्हणजे नगरातला भाग. तुझे आजोबा लहानपणी तिथं भाड्यानं राहायचे. आठ महिने. आपलं आडनाव भोपळे. शाळेत नाव घालताना पोरं हसली, आजोबा रडले. मास्तर भला माणूस होता. म्हणाला, राहतोस कुठं? आणि लिहून टाकलं तोफखाने."
विचारलं, भोपळे कशावरून? म्हणाली, ते विचारायला आता कोणी उरलं नाही.
स्लाइड्स: शून्य.

१ डिसेंबर, रविवार, सकाळी ९
चहाबरोबर देवयानीला सांगितलं. आधी ती पोट धरून हसली. मग कप खाली ठेवला.
"म्हणजे आठ महिन्यांच्या भाड्याच्या खोलीसाठी मी सबनीसची तोफखाने झाले?"
मी विचारलं, सबनीस म्हणजे काय गं? लग्नाला एकोणतीस वर्षं झाली. तीही हेच म्हणाली, एकोणतीस वर्षं झाली. मग सांगितलं: फौजेची हजेरी मांडणारा अधिकारी.
"तोफा डागणाऱ्यांचीही?"
"त्यांचीही," म्हणाली आणि माझा कपही उचलून नेला. अर्धा भरलेला होता.

सकाळी १०.१५
इलाला फोन लावला. म्हटलं, बेटा, माझी काही हरकत नाही, तू खुशाल हेवर्ड हो. चांगलं नाव आहे, आठशे वर्षांचं. मी अभ्यास केलाय.
ती म्हणाली, "बाबा, what are you talking about? मी नाव बदलतच नाहीये. कॉलिनला मी ऑगस्टमध्येच सांगितलं. तू मला विचारलंस कधी?"
मग म्हटलं, हेवर्डचा नीट विचार कर गं.