कमानीखालून

बॅलिशीन, ४ सप्टेंबर १९८८

चि. फिन्टन यास उनाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा नकाशा पोचला. पागेतली ठाणी मोडून पाहुण्यांच्या खोल्या, दाण्याच्या कोठीत न्याहारीघर. झकास काढलंयस हो! लहानपणी तू काढलेल्या घोड्याचं हटकून टेबल व्हायचं, ते आठवलं.

बाबा पागेच्या कमानीवरची खोली सोडून माझ्याकडे यायला कबूल आहेत. गुडघ्यांना तो जिना झेपत नाही, हे त्यांनाही कळतं. पण कमानीला काच लावून तिथे बैठक करणार, हे वाचून दाखवलं तशी त्यांनी चहाला हात लावला नाही. या पागेचे घोडे राखणारा मोतद्दार गेला की त्याला त्याच कमानीखालून नेतात, हे तुला मी सांगायला नको. आजोबा तसेच गेले, पणजोबाही. कमान बंद झाली की उरतं बागेचं फाटक, तिथून कुत्र्यांना नेतात पुरायला, असं बाबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. कमान तेवढी उघडी ठेव रे. दुसरं काही मागत नाही.

लोभ आहेच, तो कामाच्या धबडग्यात आटू देऊ नकोस.

तुझी उना


डब्लिन, ११ सप्टेंबर

ती. उनाताईस फिन्टनचा सा. न. वि. वि.

मालकांना, हॅलिगनसाहेबांना, सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी! कमान उघडी राहिली तर अंगणातला वारा थेट खोल्यांत शिरणार, आणि पाहुणे काही घोंगडी पांघरून उभे राहणारे घोडे नव्हेत. यात त्यांचं चूक आहे असं मलाही म्हणवत नाही. एकसंध मोठी काच सतरा ऑक्टोबरला बसेल.

बाबा ठणठणीत आहेत, आत्तापासून शवपेटीचा विचार कशाला? तू समजाव, तुझं ऐकतात. माझं हे पहिलंच मोठं काम आहे ग ताई.

रागावलीस तरी लोभ ठेव.

तुझा फिन्टन


बॅलिशीन, ३ ऑक्टोबर

चि. फिन्टन यास आशीर्वाद.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. काल चर्चमधून आल्यावर त्यांनी काळा कोट मागितला. मला वाटलं गावात कुणी गेलं. जिना उतरून अंगणात आले आणि म्हणाले, चल, मला पोचव. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

चर्चमधून परतणारी मंडळी बाहेर उभी होती. काय चाललंय ते कुणी सांगितलं नाही, तरी पुरुषांनी टोप्या काढल्या. शेजारची म्हातारी कॅथलीन हुंदके द्यायला लागली, तर बाबांनी तिला झापलं, की रडतेस काय, माझं अजून जेवण व्हायचंय. कमानीखाली थांबले. चाकांनी घासून दगडाला खोबण पडलीय ना, तीत तळवा ठेवला. मग माझा हात धरून स्वतःच्या पायांनी बाहेर पडले. मागे वळून बघितलं नाही.

माझ्या घरी येऊन कोबी-बटाटे दोनदा वाढून घेतले. म्हणाले, फिन्टनला लिही, मी गेलो, आता खुशाल काच लाव. त्या वाऱ्याने मलाही जन्मभर खोकवलंय, पोरगा खोटं बोलत नाही.

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तुझा राग आलाय, फार आलाय. लिहितेय म्हणजे माया तुटलेली नाही, एवढं समज.

उना


डब्लिन, ९ ऑक्टोबर

ती. उनाताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र कचेरीत उघडलं. चारचौघांत रडलो.

एकसंध काच रद्द केली. त्या जागी काचेचंच, पण दोन झडपांचं दार बसेल, कमानीच्या पुऱ्या रुंदीचं, सताड उघडणारं. हॅलिगनसाहेब चिडले, मग कबूल झाले. वारा अडतोय, त्यांना आणखी काय हवं? हे मला आधी सुचायला हवं होतं.

बाबांना यातलं काही सांगू नकोस. ते ताठ मानेने चालत बाहेर पडलेत, ते तसंच राहू दे. पण वेळ येईल तेव्हा, आत पाहुणे असोत नसोत, एक झडप तू उघड, एक मी उघडेन.

तोवर हवं तितकं रागाव, पण पत्र लिहीत जा.

तुझा फिन्टन