शेवटून दुसरा अडथळा

प्रिय टुणकी,

तुझा निरोप पोहोचला. ‘बाबा, रविवारी माझ्या शर्यतीला तुम्ही येऊ नका, आणि ती तोफ आता कुणाला तरी देऊन टाका,’ असे तू फोनवर म्हणालीस. फोनवर तू मला वाक्य पुरे करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. माझे शिक्षण चौथ्या इयत्तेपर्यंतच झाले असले, तरी माझी वाक्ये मी स्वतः सुरू करतो आणि स्वतःच संपवतो. तेव्हा आधीच स्पष्ट लिहितो. मी येणार आहे, आणि तोफही येणार आहे.

जावईबापूंनी पाठवलेला नवा कॅमेरा सुखरूप मिळाला. त्यांना माझे आभार कळव. वस्तू उत्तम आहे. समोरच्या माणसाचा डोळा ती आपणहून शोधते आणि धावणाऱ्याच्या मागे तिचा फोकस आपणहून धावतो. मी त्यातून तुझ्या आईचे छायाचित्र काढले. ते पाहून ती म्हणाली, ‘एकूण एक सुरकुती आली आहे, आजच्या आज परत पाठवा.’ मी तो परत पाठवीत आहे, परंतु कारण निराळे आहे. वर्तमानपत्रासाठी खेळांची छायाचित्रे काढण्यात माझी हयात गेली, ती हाताने फोकस करावयाच्या या लांबलचक लेन्सवर, तुझ्या भाषेत तोफेवर, गेली. धावणाऱ्याच्या मागे तिचे कडे फिरवीत राहिले, तर हात नेहमी एक पाऊल मागेच राहतो. म्हणून मी कधी कुणाच्या मागे लागलो नाही. माणूस जिथून जाणार ती जागा हेरावी, तिथे फोकस पक्का करावा आणि त्याच्या येण्याची वाट पाहावी, ही माझी रीत. त्या लेन्समधून तेवढी जागा सोडून दुसरे काहीच दिसत नाही, म्हणून पावले कानाने मोजावी लागतात. माणूस चौकटीत दिसला म्हणजे उशीर झालाच. बटण त्याच्या अर्धा श्वास आधी दाबावे लागते. या वयात मला दुसरी रीत शिकावयाची नाही.

माझ्या डोळ्याची बातमी तुझ्यापर्यंत आली आहे हे मला ठाऊक आहे. तुझी आई फितूर आहे. उजव्या डोळ्याने पाहिले असता समोरच्याचे दोन्ही कान दिसतात आणि मधोमध चेहऱ्याच्या जागी धुके दिसते, हे खरे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘काका, पुष्कळ काम झालं, आता डोळ्यांना आराम द्या.’ मी म्हणालो, ‘बाई, कष्ट उजव्याने केले. डावा अजून कामाला लागलेलाच नाही, त्याला कसला आराम?’ त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

त्या दिवसापासून डावा कामाला लागला आहे. आपल्या घरासमोर रस्त्यावर गतिरोधक झाला आहे. रोज सकाळी मी बाल्कनीत खुर्ची टाकून त्याच्यावर फोकस बसवतो. लेन्सच्या कड्यावर दोऱ्याची एक गाठ चिकटवली आहे. ती अंगठ्याला लागली की फोकस जागेवर आला हे डोळ्याला विचारावे लागत नाही. सायकली त्या उंचवट्यावरून उडतात. पोस्टमन रोज खालून ओरडतो, ‘आजोबा, आज तरी मी आलो का, की पुन्हा नुसतंच चाक?’ पहिले काही दिवस नुसतेच चाक येत होते, कधी तेही नाही. गेल्या आठवड्यात तो टोपीसकट आला, सायकलची दोन्ही चाके हवेत. त्याची प्रत मी त्याला दिली. तेव्हापासून तो टोपी नीट बसवून सावकाश उंचवट्यावर येतो आणि माझे चित्र बिघडवतो.

आता भिंतीवरच्या त्या छायाचित्राविषयी. तेही काढून टाका, असे तू आईजवळ म्हणालीस. येणारे पाहुणेही विचारतात, हे कसले चित्र? मागे बाकीच्या मुलींच्या धूसर रेघा, आणि पुढे एक अडथळा, त्याच्या फळीवरचा सोललेला रंगसुद्धा दिसावा इतका स्वच्छ; वर कुणीच नाही. तुझी आई म्हणते, ‘ताट वाढून ठेवलं आहे आणि जेवणाऱ्याचा पत्ता नाही.’ तुझ्या त्या शर्यतीच्या दिवशी मी शेवटून दुसऱ्या अडथळ्यावर फोकस बसवला होता. तुझी तीन पावले आणि उडी, तीन पावले आणि उडी, हा ठेका मला पाठ होता, आणि बोटाने त्या ठेक्यावर बटण दाबले. तू त्याच्या आधीच्या अडथळ्यावरच पडली होतीस. गुडघ्याला पट्टी बांधून घेताना तू मला म्हणालीस, ‘बाबा, तुमचा फोकस तर बरोबर आला ना?’ त्यानंतर तू धावण्याचे बूट शेजारणीला देऊन टाकलेस.   बरोबर आलेल्या फोकसची मी तेव्हा क्षमा मागितली नाही, आणि आजही मागत नाही.

आज तुझी मुलगी तू पडलीस त्या वेळच्या तुझ्या वयाची झाली आणि तू पुन्हा अडथळ्यांवरून उड्या घेऊ लागलीस, प्रौढांच्या शर्यतीत नाव दिलेस, आणि मला मात्र येऊ नका म्हणतेस. ते छायाचित्र म्हणजे तुझ्या पडण्याची खूण, असे तू इतकी वर्षे समजत आलीस. टुणकी, त्यात तुझे पडणे कुठेच नाही, पुन्हा नीट पाहा. त्यात तुझ्यासाठी धरून ठेवलेली जागा आहे. मी ती अजून सोडलेली नाही, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र लिहिले. रविवारी टेपने अंतर मोजून मी त्याच अडथळ्यासमोर बसणार आहे. धावत आलीस तर तुझा ठेका माझ्या कानात शाबूत आहे. त्या अडथळ्याच्या अलीकडे पडलीस तर या वेळी मी पावले मोजणार नाही. ऊठ आणि चालत ये, लंगडत ये, मैदान रिकामे झाल्यावर ये. तू त्या फळीपाशी पोहोचेपर्यंत माझे बोट हलणार नाही.

जागा धरून बसलेला,
तुझाच बाप