पहिल्या नंबरचं कॉलेज

बावडा, मंगळवार

सबिना,

काल मला पेढा भरवताना तू म्हणालीस, "भाई, पुण्याला माझं मार्क कमी पडलं असतील. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग तर मिळालं, बारामती तर बारामती." तो पेढा अजून घशातच हाय बघ.

मार्क कमी पडलं न्हाईत. तू प्रवेशाच्या फॉर्ममध्ये पुण्याचं कॉलेज पहिल्या नंबरला टाकून घरी गेलीस. ओटीपी माझ्या मोबाईलवर आला. मी बारामतीचं वर घेतलं आणि फॉर्म लॉक केला. इंदापुरात नेट कॅफे चालवतो मी, वर्षाला दोनशे पोरांचं फॉर्म भरतो. पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं की त्या पोराला प्रवेशाच्या पुढच्या फेऱ्या बंद, हे मला ठाऊक न्हवतं असं कुणाला सांगू?

अम्मीच्या काळजीपायी केलं, असं लिहिणार होतो. ते खोटं हाय. मला कुणी पुण्याला पाठवलं न्हाय, म्हणून तुझं जाणं बघवंना.

सकाळपासनं हेल्पलाईनला सतरा फोन केलं. आता काही होत न्हाय म्हणतात. काहीच न्हाय, सबिना!

दुपारी वरकुट्याची तुझी मैत्रीण राजनंदिनी तुझ्यासंगं कॅफेत दुसऱ्या फेरीचा फॉर्म भरायला आली. तू तिला म्हणालीस, "पहिला नंबर भाईला विचारून टाक. माझाबी त्यानंच तपासला."

मी तिला म्हणालो, "तुझं तूच टाक. आणि लॉक केल्याशिवाय हितनं उठू नको."

तू हसलीस. म्हणालीस, "बघ, किती काळजी करतो माझा भाई."

तुझाच म्हणवून घेणारा,
अल्ताफ